वांगेसटीचा नैवेद्य

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा चिटणीसबाईंनी मला सांगितले, “दरवर्षी चंपाषष्ठीला आपण भरीत-रोडग्याची पंगत घालतो. तिच्याबद्दल तुम्ही लिहा, पण नुसती पाककृती नको, थोडा इतिहासही येऊ द्या.” मी इतिहासाची विदुषी नव्हे. शाळेत शिकवत असताना वाचनाची जी गोडी लागली तीच काय ती माझी पुंजी. तरीही हा विषय मी आनंदाने घेतला. कारण चंपाषष्ठीच्या भरिताशी आमच्या घरची एक जुनी गोष्ट जडलेली आहे आणि ती सांगायची बरेच दिवस मनात होती.

आमचे मूळ गाव सिन्नर तालुक्यात, कोरडवाहू भागात. घरचे कुलदैवत खंडोबा. १९७२ सालच्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. त्या वर्षी पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ तापाने अंथरुणाला खिळला आणि आजीने खंडेरायाला बोकडाचा नवस बोलला. भाऊ बरा झाला, पण पाऊस आला नाही. विहिरी आटल्या. चाऱ्याअभावी गाईबैल कवडीमोलाने गेले आणि त्यांच्यामागून शेरडेही गेली. घरातले कर्ते पुरुष आणि काकू दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. आम्ही मुले शाळेत सुकडी खात असू आणि घरी परदेशातून आलेल्या मिलोच्या तांबड्या भाकरी. मार्गशीर्ष उजाडला, चंपाषष्ठी आली आणि नवसाचा बोकड कोठून आणावा हा प्रश्न आजीपुढे उभा राहिला.

थोरले काका म्हणाले, “कर्ज काढू, पण नवस राहायला नको.” आजीने ऐकले नाही. गावातल्या एका विहिरीला तेवढे पाणी होते आणि तिच्या कडेला चार वाफे वांग्यांचे होते. आजीने तेथून पदरात वांगी आणली. तुरीच्या काड्यांवर ती भाजली, बाजरीचे उसनवार पीठ आणून पाच रोडगे केले आणि देवापुढे पान वाढले. काका कामावरून परतले तेव्हा नैवेद्य होऊन गेला होता. ते फार चिडले. आजी एवढेच म्हणाली, “देवाला ठाव हाये दुस्काळ पडलाय. त्याला काय डोळं न्हाईत व्हय?”

त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. तळी उचलायला पाच पुरुष हवेत. घरचे पुरुष कामावर होते. शेजारचे दोन म्हातारे आले, माझा भाऊ आणि चुलतभाऊ मिळून चार झाले. आजीने मला हाताला धरून पाचवी उभे केले. ताम्हनात भंडारा, खोबरे, सुपारी, विड्याची पाने होती. मी इतरांबरोबर ताम्हन उचलले आणि “येळकोट येळकोट जय मल्हार” म्हटले. पुढे कित्येक वर्षे काका ही गोष्ट काढीत. बोकड चुकला त्यापेक्षा मुलीने तळी उचलली याचा त्यांना जास्त राग होता, असे मला आता वाटते.

देवाला कबूल केलेल्या मांसाच्या जागी भाजलेले वांगे चालते का? आजीने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला. पण प्रश्न आजीचा एकटीचा नव्हता. तो फार जुना आहे आणि वेगवेगळ्या लोकांनी त्याला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

वैदिक काळापासूनच सुरुवात करू. शतपथ ब्राह्मणात एक कथा आहे. यज्ञाला योग्य असे सत्त्व प्रथम पुरुषात होते. ते तेथून निघाले आणि घोड्यात शिरले, घोड्यातून बैलात, बैलातून मेंढ्यात आणि मेंढ्यातून बोकडात. शेवटी ते जमिनीत गेले. देवांनी जमीन खणली तेव्हा ते तांदूळ आणि जव यांच्या रूपाने सापडले. म्हणून धान्याच्या पिठाचा पुरोडाश अर्पण केला की साऱ्या पशूंचे फळ मिळते, असे तेथे सांगितले आहे. मला त्यातला पुढचा भाग फार आवडतो, कारण तो एखाद्या स्वयंपाक करणाऱ्या बाईने सांगितल्यासारखा आहे. नुसते पीठ म्हणजे केस, पाणी घातले की कातडी, मळले की मांस, भाजले की हाड आणि वरून तूप सोडले की मज्जा! हा पुरोडाश खापरांवर भाजीत. विस्तवावर भाजलेल्या आपल्या रोडग्याशी त्याचे नाते सांगण्याचा मोह होतो; पण तसा पुरावा माझ्याजवळ नाही, म्हणून तो आवरते.

मनुस्मृतीतही असे म्हटले आहे की मांसाची फारच ओढ लागली तर तुपाचा किंवा पिठाचा पशू करावा, पण उगाच प्राणी मारू नये. कालिकापुराणात देवीच्या बळीसाठी कोहळा आणि ऊस चालतील असे सांगितले आहे. नवरात्रात कोहळा कापण्याची चाल अनेक घरांत आहे, तिच्या मागे हीच कल्पना.

जैन ग्रंथकारांनी मात्र याला हरकत घेतली. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ हा संस्कृत ग्रंथ पुरा केला. त्यात यशोधर राजाची कथा आहे. राजाला हिंसा नको आणि आईला देवीपुढे बळी हवा. शेवटी तोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापतात. पण त्या पिठाच्या कोंबड्यापायी मायलेकांना पुढे कितीतरी जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत काढावे लागतात. कथेचे सांगणे असे की सुरी पिठावर चालली, तरी मनात मारण्याची इच्छा होती आणि कर्म इच्छेने बांधले जाते. म्हणजे एका पक्षाला पिठाचा पशू पुण्याचा, तर दुसऱ्या पक्षाला पापाचा. मांसासारखा दिसणारा शाकाहारी पदार्थ खावा की नाही, हा आजचा वाद हजार वर्षांपूर्वी इतक्या बारकाईने झालेला होता, हे वाचून मी थक्क झाले.

आता दरबारी स्वयंपाकघरात डोकावू. अकबर बादशहा आठवड्यातले व वर्षातले काही दिवस मांस वर्ज्य करी. अबुल फजलने ‘आईने अकबरी’त पदार्थांचे तीन वर्ग केले आहेत आणि पहिलाच वर्ग ‘सुफियाना’, म्हणजे बिनमांसाच्या पदार्थांचा आहे. त्यात खिचडी, डाळ, पालेभाजी यांच्याबरोबर वांगेही आहे. दहा शेर वांग्यांना दीड शेर तूप आणि वर कांदा, आले, लिंबाचा रस, मिरे, धणे, लवंगा, वेलची, हिंग. त्याच यादीत ‘चिखी’ नावाचा पदार्थ आहे. दहा शेर गव्हाची कणीक मळून ती पाण्यात धूत जायची, ती दोन शेर उरेपर्यंत. जो चिवट गोळा राहतो त्याला मसाला लावून शिजवायचे. आपण कुरड्या करताना नेमके उलटे करतो. गव्हाचा पांढरा चीक ठेवतो आणि चिवट चोथा गुरांना घालतो. पूर्वेकडे चीन-जपानच्या बौद्ध मठांतूनही गव्हाच्या अशा गोळ्याचे आणि सोयाबीनच्या पनीराचे पदार्थ मांसाच्या जागी वाढण्याची जुनी परंपरा आहे. जपानात अशा एका तळलेल्या वड्याच्या नावाचा अर्थच ‘हंसाची नक्कल’ असा आहे.

विलायतेत हा प्रश्न नाताळच्या जेवणाशी येऊन भिडला. तेथे सणाच्या टेबलावर मधोमध भाजलेला पक्षी किंवा मांसाचा मोठा तुकडा असतो आणि घरातल्या वडीलधाऱ्याने तो कापून सर्वांना वाढायचा असतो. इंग्लंडात १८४७ साली रॅम्सगेट येथे शाकाहारी मंडळींनी आपली संस्था काढली. मांस सोडणे त्यांना जमले, पण टेबलाची मधली जागा रिकामी दिसू लागली. पुढे त्या जागी अक्रोड, बदाम, पावाचा चुरा, कांदा व मसाला एकत्र करून भाजलेली मोठी वडी आली. त्यांनी तिला ‘नट रोस्ट’ म्हटले. अमेरिकेत बॅटल क्रीक येथील डॉ. केलॉग यांनी १८९० नंतरच्या काळात शेंगदाणे आणि गव्हाच्या चिवट भागापासून डब्यातले ‘मांस’ तयार केले. आपले गांधीजी १८८८ मध्ये लंडनला गेले, तेव्हा आईला दिलेल्या शब्दापायी त्यांची उपासमार होत होती. फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी खानावळ सापडली त्या दिवशी त्यांना परदेशात प्रथम पोटभर जेवण मिळाले.

आपल्या नाशिकलाही असे नाताळ पुष्कळ पाहायला मिळाले. देवळालीला गोऱ्या फौजेचा तळ होता. शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत १८५० नंतरच्या दशकात वसली. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे शिकली आणि त्यांपैकी काही जण पुढे डॉ. लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेच्या प्रवासाला गेले. चंपाषष्ठी आणि नाताळ यांच्यात पुष्कळदा दोन-चार आठवड्यांचेच अंतर असते. एकाच थंडीत गावाच्या एका अंगाला वांगी भाजली जात आणि दुसऱ्या अंगाला मांस.

मात्र आपल्याकडे आणि तिकडे एक फरक आहे. आपल्या बायकांनी मांसाच्या जागी काही करायचे म्हणून पदार्थ शोधले, तेव्हा त्यांनी ताटाची रीत तीच ठेवली आणि मधला जिन्नस बदलला. कोकणात सागोतीबरोबर जे वडे होतात, तेच श्रावणात काळ्या वाटाण्याच्या आमटीबरोबर होतात. वाटण तेच, खोबरे तसेच भाजलेले. जुन्नर-आंबेगावकडे आणि आपल्या शेजारच्या संगमनेर भागात मासवडी करतात. नावात आणि आकारात मासा, प्रत्यक्षात बेसनाचे आवरण आणि आत तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण. खानदेशाकडची आणि आपल्याकडची पाटवडी झणझणीत रश्श्यात पडली की मटणाच्या रश्श्याची आठवण करून देते. बंगालात कच्च्या फणसाला ‘झाडावरचा बोकड’ म्हणतात आणि डाळीच्या एका वडीचे नावच ‘धोका’ आहे. तेथील विधवांना मांसमासळी, कांदा, लसूण सारे वर्ज्य असे. बंगाली शाकाहारी स्वयंपाकाची जी वाखाणणी होते, तिच्यातला मोठा भाग या सक्तीच्या चुलीवर तयार झाला. आपण चवीचे कौतुक करतो तेव्हा त्या बायकांचीही आठवण ठेवली पाहिजे.

आता वांग्याकडे येते. वांगे अस्सल इकडचे. संस्कृतात त्याला वृन्ताक आणि वातिंगण अशी नावे आहेत. वातिंगणाचे फारसीत बादिंगान झाले, अरबीतून ते युरोपात गेले आणि पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून ‘ब्रिंजल’ होऊन आपल्याकडे परत आले. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा वेगळा उल्लेख आहे. ते किंचित पित्तकर, पण पचायला हलके व भूक वाढवणारे आहे आणि त्यातच तेल व मीठ घातले की ते जड व स्निग्ध होते, असे ग्रंथकार म्हणतो. म्हणजे आपले तेल-मिठाचे भरीत निदान सव्वाचारशे वर्षे तरी वैद्यांच्या ओळखीचे आहे. मिरची व शेंगदाणे मात्र पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेतून आले. त्याआधीच्या भरितात तिखटासाठी मिरे आणि आलेच असणार.

खंडोबाला हा नैवेद्य का, याचे एक साधे कारण चातुर्मासात आहे. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, आपण कांद्याचे सगळे प्रकार करून खातो आणि मग एकादशीपासून कांदा, लसूण, वांगी बंद. कित्येक घरांत ती चंपाषष्ठीपर्यंत चालत नाहीत. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून सहा दिवसांचे नवरात्र बसते. मणि आणि मल्ल या दैत्यांवर खंडोबाने मिळवलेल्या विजयाचा हा उत्सव. षष्ठीला नवरात्र उठते आणि थंडीत बहरलेली वांगी, पातीचा कांदा, ओला लसूण, नवी बाजरी सारे एकदम घरात येते. ते प्रथम देवाला. म्हणून या दिवसाला वांगेसट म्हणतात. देवाच्या कुत्र्यांनाही घास काढतात. बोकडाचा मान ज्या घरांत आहे तेथे तो वेगळा, देवळाबाहेर. देवापुढच्या पानात पुरण किंवा भरीत-रोडगा. एकाच देवाच्या दारात दोन्ही रीती शेकडो वर्षे नांदल्या.

आता आपल्या मंडळाकडे येते. पहिल्या वर्षी सर्व सभासदांचे एकत्र जेवण करायचे ठरले, तेव्हा केवढा वाद झाला होता हे जुन्या भगिनींना आठवत असेल. एका बाईंनी सुचवले की मांसाहारी घरांतल्या आणि शाकाहारी घरांतल्या बायकांच्या पंगती निरनिराळ्या कराव्यात, म्हणजे कोणाच्या मनाला लागणार नाही. त्यावर एक सभासद उठून उभ्या राहिल्या. “आमच्या सासऱ्यांनी काळारामाच्या दारात मार खाल्ला. वेगळ्या पंगतीला मी येणार नाही,” एवढेच बोलून त्या बसल्या. काळाराम मंदिराचा प्रवेश-सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपल्याच गावात सुरू झाला. ज्या गावाने तो पाहिला, तेथे कोण कोणाच्या शेजारी जेवतो ही बाब साधी नाही. सभागृहात बराच वेळ कोणी बोलेना. मग मी भीतभीत आजीच्या वांग्यांची गोष्ट सांगितली आणि चंपाषष्ठीच्या भरिताची एकच पंगत करू या, असे सुचवले. ठराव झाला.

पण प्रश्न तेथे संपला नाही. आमच्या जैन भगिनींना वांगे चालत नाही, कांदा-लसूण तर नाहीच. त्यांनी स्वतःच मार्ग काढला. त्या कच्च्या केळ्यांची भाजी करून आणतात आणि त्याच पंगतीत बसतात. गेल्या वर्षी ती भाजी आधी संपली!

पहिल्या वर्षीचे आमचे भरीत मात्र बिघडले होते, हेही लिहून ठेवते. वांग्यांना टोचे मारायचे राहिले, दोन वांगी फटाक्यासारखी फुटली. साली सुटेनात म्हणून कोणीतरी ती नळाखाली धुतली आणि धुराचा सगळा वास पाण्याबरोबर गेला. तेव्हापासून जी पद्धत बसली ती अशी. साठ माणसांना पंधरा किलो वांगी घ्यावीत. आकाराने मोठी पण हाताला हलकी निवडावीत, जड वांग्यात बिया फार. जळगावकडची हिरवट-पांढरी भरिताची वांगी मिळाली तर उत्तम. त्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. वांग्यांना तेलाचा हात लावून चार-पाच टोचे मारावेत. तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करावा. तो लवकर पेटतो, साल झटकन करपते आणि आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो. वांग्याचा गर स्पंजासारखा पोकळ असतो. उष्णतेने तो बसतो आणि मग धूर व तेल दोन्ही शोषून घेतो. भाजलेल्या मांसाची जी लज्जत लोक सांगतात ती पुष्कळशी या धुराची आणि स्निग्धपणाची आहे. भाजलेली वांगी दहा मिनिटे झाकून ठेवावीत म्हणजे साल आपोआप सुटते. पाणी लावू नये, हात ओला करून साल काढावी. गर लाकडी दांड्याने ठेचावा, मिक्सरमध्ये घालू नये. तेलात लसूण, हिरवी मिरची व शेंगदाणे परतून त्यावर गर आणि शेवटी पातीचा कांदा व कोथिंबीर. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी थोडा गर बाजूला काढून दही, मीठ आणि हिंग-मोहरीची फोडणी द्यावी. रोडग्याला बाजरीचे पीठ गरम पाण्यात मळून जाडसर थापावे, तव्यावर दोन्ही बाजू धराव्यात आणि मग निखाऱ्यावर सावकाश भाजावे.

आजीच्या नवसाचे पुढे काय झाले, असे मला मंडळात नेहमी विचारतात. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. काकांनी बोकड आणला आणि नवस फेडला. मटण आजीनेच रांधले, आणि चांगले रांधले. आदल्या वर्षीच्या भरिताने नवस फिटला होता की नाही, यावर त्या दोघांचे शेवटपर्यंत एकमत झाले नाही. काका म्हणत, राहिला होता तो फेडला. आजी म्हणे, फिटलेलाच होता, हा पोरांच्या आवडीचा. दोघेही आता नाहीत. मला स्वतःला आजीचे पटते. पण काकांची देवाघरच्या देण्याची काळजीही खोटी नव्हती, असे वय वाढल्यावर कळले. म्हणूनच मांस न खाणारे वरचे आणि खाणारे खालचे असा अर्थ या लेखातून कोणी काढू नये. आपल्या पंगतीत भरीत असते ते कोणाला कमी लेखण्यासाठी नव्हे. सर्वांना एका ओळीत बसता यावे म्हणून असते.

या वर्षी तळी उचलण्याचा मान मंडळातल्या पाच मुलींना द्यावा, असे कार्यकारिणीत ठरले आहे. काकांना ते आवडले नसते. ताम्हन मात्र आमच्या घरचेच, आजीचे, द्यायचे मी कबूल केले आहे. सभासद भगिनींनी व शेजाऱ्यांनी चंपाषष्ठीला सकाळी नऊपर्यंत मंडळाच्या आवारात यावे. येताना ज्यांच्याकडे तुरीच्या किंवा कपाशीच्या काड्या असतील त्यांनी एक-एक मोळी आणावी. शहरात त्या आता विकत मिळत नाहीत.

— एक सभासद